गुरुवारची मोजणी

वाळपईच्या काजू कारखान्यात
गुरुवारी सकाळी मी सापळे मोजते.
पुठ्ठ्याची तिकोनी घरं, आतली जमीन चिकट,
मधोमध वालाच्या दाण्याएवढं रबर.
रबराला वास येत नाही. मी हुंगून पाहिलंय,
कायतानने पाहिलंय,
मालकांच्या कुत्र्याने तर हुंगून तोंडच फिरवलं.
ज्याच्यासाठी आहे त्याला मात्र
अख्ख्या गोदामापलीकडून कळतं.

पहिला सापळा, गोणींच्या थप्पीपाशी : सतरा.
दुसरा, सोलणीच्या खोलीत : चार.
तिसरा, दाराजवळ : एक पाखरू, आणि एक पाल
जी त्या पाखरासाठी आली होती.

सगळे नर.
हे शिकवायला पणजीहून एक पोरगा आला होता,
इस्त्रीच्या शर्टात, घामाघूम.
त्याने कार्डबोर्डवर वेडंवाकडं लांबलचक नाव लिहिलं
आणि म्हणाला, मादी हेच सोडते पोटाच्या टोकातून,
रात्री, पंख मिटून, शेपूट वर धरून,
जागची न हलता.
आता हे कारखान्यात बनतं. पिंपात येतं.

शेवंता म्हणाली, मग तिचं काय?
कुणाचं?
मादीचं.
ती सापळ्याकडे येत नाही, तो म्हणाला,
ती बसून राहते.

तांदळातल्या तांबड्या किड्याचं म्हणे वेगळं,
तिथे हाक नर घालतो
आणि नर-माद्या दोघंही निघतात
फेस्ताला निघाल्यासारखे.
आमच्या पाखराला तेवढी माणसं लागत नाहीत.

पावसाळ्यात आम्ही रबरं वाढवली, साठ टांगली,
चिकट कागद काढूनच टाकला.
म्हणजे जिथे वळावं तिथे ती,
वाऱ्यात ती, भिंतीत ती, बंद पंख्याच्या पात्यावर ती,
आणि ती स्वतः
तिसऱ्या गोणीच्या शिवणीत, हातभर अंतरावर.
तो नागमोडी उडतो, थांबतो, परत उडतो.
सकाळी खिडकीखाली झाडूने गोळा होतो.
कायतान म्हणाला, बरं झालं, मोजायला नको.
मला त्या महिन्यात
वही कोरी बघवत नव्हती.

मग एका गुरुवारी हातमोजे संपले.
मी उघड्या हातांनीच रबरं बदलली,
साबणाने दोनदा हात धुतले, बस धरली,
नगरगावला उतरले, भात लावला.
दिव्याखाली कांदा चिरत होते तेव्हा
फडताळातल्या जुन्या काजूंच्या डब्यामागून
भाताच्या तुसाएवढं एक करडं पाखरू आलं
आणि माझ्या बोटावर बसलं.

ही बोटं.
टरफलाच्या तेलाने काळी पडलेली,
पेरांवर सालपटं सुटलेली, नखं तांबूस.
मला बघायला माशेलहून आलेल्या बाईंनी
चहाचा ट्रे माझ्या हातून घेतला नव्हता,
ठेव गो तिथेच टेबलावर, म्हणाल्या होत्या,
आणि रुमालाने कपाचा कान धरला होता.

पाखरू धावलं. नखापासून मनगटापर्यंत,
गोल गोल, पंख असे फडफडवत
की दिसेनासेच झाले.
पोट वाकवून त्याने माझ्या पेराशी
काहीतरी जुळवून पाहिलं,
नाही जुळलं, सरकून परत पाहिलं.
हसू आलं मला. कुणाला सांगायची सोय नव्हती.
कांद्याने डोळ्यांत पाणी होतंच.

झटकता आलं असतं.
मी सुरी खाली ठेवली
आणि हात तसाच धरून
जागची न हलता बसून राहिले.
भात किंचित लागला.

वहीत तारीख असते, सापळ्याचा क्रमांक असतो,
नगांचा रकाना असतो.
याला क्रमांक कुठला देऊ?

शुक्रवारी कायतानने मोज्यांचा नवा खोका आणला,
शंभर नग, निळे.
मी सही करून घेतला.